बोर्डाच्या कागदावर काय लिहिलंय?

(परभणीतल्या माजी सैनिकांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, डिस्चार्जच्या आधीचे दिवस आठवा. क्लिअरन्सचा कागद घेऊन स्टोअरपासून कँटीनपर्यंत सह्या गोळा करायच्या, पेटी बांधायची, आणि मनानं माणूस केव्हाच घरच्या गाडीत, सचखंड एक्सप्रेसमध्ये बसलेला. त्याच गडबडीत रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे नोकरी सुटतानाची डॉक्टरांची तपासणी होते. ‘इधर साइन कर’ म्हटलं की आपण करून मोकळे. सगळी गोम तिथंच आहे.

त्या कागदात दोन गोष्टी बघायच्या. अपंगत्व किती टक्के, आणि ते नोकरीमुळं आलं किंवा नोकरीनं वाढलं का. दुसऱ्या रकान्यात ‘नीदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड’, म्हणजे नोकरीमुळं आलंही नाही आणि वाढलंही नाही, असं पडलं की टक्के कितीही असोत, डिसॅबिलिटी पेन्शन अडते. गोळी लागलेल्याचा सहसा वाद होत नाही. वाद होतो तो बीपीवाल्याचा, कंबर धरलेल्याचा, तोफखान्यात राहून कान गेलेल्याचा. याच पोराला भरतीत सोळाशे मीटर पळवून, डॉक्टरांनी नखशिखांत तपासून घेतलेलं असतं की नाही?

सुप्रीम कोर्टानं 2013 साली धर्मवीर सिंग प्रकरणात हेच धरलं. लष्कराच्या सिग्नल कोअरमधला हा जवान 1985 ला भरती झाला, फिट येऊ लागली म्हणून 1994 ला घरी पाठवला, आणि आजार त्याच्या प्रकृतीचाच म्हणून पेन्शन नाकारली. कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. तो आजार नोकरीमुळं नाही हे सरकारनं दाखवायचं, आणि बोर्डानं कारण लिहायचं. म्हणून तुमच्या कागदावर कारणाच्या जागी एक ओळ आहे की नुसता शिक्का, ते आधी बघा.

मात्र प्रत्येक दुखण्याला पेन्शन मिळते, असं कुणी एजंट सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. सुट्टीवरचा जवान जिंतूर रोडला मोटारसायकलवरून पडला, तर ते नोकरीशी जोडणं अवघड. 2011 च्या जुझार सिंग निकालात अशाच अपघाताला कोर्टानं नाही म्हटलंय. पण तोच जवान सुट्टी संपवून रेल्वे वॉरंटवर, म्हणजे सरकारी खर्चाच्या प्रवासावर, युनिटकडं निघाला आणि मनमाडला गाडी बदलताना पडला, तर तो प्रवास ड्युटीत धरतात. वॉरंट आणि लीव्ह सर्टिफिकेट जपा, रेल्वे पोलिसांत नोंद करा, युनिटला लगेच कळवा.

आता पैशाचं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, युद्धात जखमी होऊन मुदत पूर्ण करून आलेल्याला त्याच्या दुप्पट. 40,000 पगार धरा. 20 टक्केवाल्याला महिन्याला 2,400 बसतात. पण ‘ब्रॉड बँडिंग’मध्ये 50 पेक्षा कमी टक्के असले तरी 50 धरतात, म्हणजे 6,000. वर महागाई भत्ता. आधी हे फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना, म्हणजे दुखण्यामुळं मुदतीआधीच घरी पाठवलेल्यांना होतं, 2014 च्या राम अवतार निकालानं मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही मिळालं. आपल्याकडं कित्येकांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, अजून जुनाच 20 चा आकडा आहे. (21 सप्टेंबर 2023 नंतर घरी आलेल्यांना नवे नियम लागतात. त्यांनी चहाच्या वेळी मला वेगळं भेटा.)

नकाराचं पत्र आलं की अपील करा, तेही फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. मुदत सहा महिन्यांची, पण पेन्शनचं नुकसान दर महिन्याला चालूच असतं, म्हणून उशिराची प्रकरणंही घेतली जातात. मागची थकबाकी मात्र 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणं साधारण अर्ज केल्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते. वीस वर्षं ट्रंकेत ठेवलेल्या कागदाची सतरा वर्षं गेली!

मागून ताई विचारतायत, मालक गेले, आता काय करायचं? ताई, 2007 च्या कायद्यात वारसांनाही न्यायाधिकरणात जाता येतं. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि बोर्डाची प्रत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या. प्रत सापडत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू. मालक कोणत्या पलटणीत होते?