दात पाहून ठरलेले वय

इंग्लंडमध्ये १८३३ साली झालेल्या कायद्याने, रेशमाच्या गिरण्यांचा अपवाद वगळता, ९ वर्षांखालील मुलांना कापडगिरणीत कामावर ठेवण्यास मनाई केली आणि ९ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. मात्र जन्माची सरकारी नोंद तेथे १८३७ पर्यंत सुरूच झाली नव्हती, त्यामुळे समोर उभे असलेले मूल ८ वर्षांचे की १०, हे सिद्ध करणारा कोणताही कागद नव्हता. मग डॉक्टर मुलाची उंची आणि अंगकाठी पाहून दाखला देत. काही जण तोंड उघडायला लावून दात पाहत. उंचीपेक्षा दातांवर अधिक भरवसा ठेवता येतो, असे दंतवैद्य एडविन सॉन्डर्स यांनी १८३७ मध्ये मांडलेही.

राज्यसंस्था कामगाराच्या मुलाचे दात तपासू लागली, याचा उदारमतवाद्यांना, म्हणजे व्यक्तीचे स्वातंत्र्य सर्वांत मोलाचे मानणाऱ्यांना, आनंद व्हावा की धास्ती वाटावी? या प्रश्नावर त्यांच्यात तेव्हापासून जी फूट पडली, ती आजही सांधलेली नाही.

दोन्ही बाजूंचे मूळ एकच आहे. सत्तेला आपले समर्थन करता आले पाहिजे आणि ती मर्यादित असली पाहिजे, ही इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांची शिकवण दोघांनाही मान्य होती. अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये राज्याची तीन कर्तव्ये सांगितली : संरक्षण, न्याय, आणि कोणाही एकट्याला परवडणार नाहीत अशी सार्वजनिक कामे. स्मिथ यांचे नाव घेऊन राज्याला हटकणाऱ्यांना या तिसऱ्या कर्तव्याचा सहसा विसर पडतो. सामान्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्याने खर्च करावा, असेही त्यांनी लिहिले होते.

खरा कस लागला तो कामाच्या तासांवर. जॉन ब्राइट हे स्वतः गिरणीमालकांपैकी एक. धान्याच्या आयातीवरील जकात उठवण्यासाठी त्यांनी मोठी चळवळ केली आणि १८४६ मध्ये ती जकात रद्द करणारा कायदा झाला. भाकरी स्वस्त व्हावी म्हणून झटणाऱ्या याच ब्राइट यांनी स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी दिवसाला दहा तासांची मर्यादा घालणाऱ्या विधेयकाला मात्र विरोध केला. यात त्यांना विसंगती दिसत नव्हती. जकात हा राज्याने दोन माणसांच्या व्यवहारात घातलेला हात होता, आणि तासांची मर्यादाही तशीच होती. त्याच वर्षी संसदेत मेकॉले यांनी, म्हणजे भारतातील शिक्षणाविषयीच्या १८३५ च्या टिपणाच्याच मेकॉलेंनी, विधेयकाची बाजू घेतली. रविवारच्या विश्रांतीने इंग्लंड गरीब झाले नाही, उलट सोमवारी माणूस ताजातवाना होऊन कामावर येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. विधेयक १८४७ मध्ये संमत झाले.

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ मध्ये याहून बारकाईने विचार केला. सगळेच कामगार कमी तास काम करू इच्छित असले, तरी एकट्याने तास कमी करणाऱ्याची नोकरी जाण्याची भीती असते. म्हणून सर्वांची इच्छा अमलात आणायलाच कधीकधी कायद्याची गरज लागते, हे त्यांनी दाखवून दिले. तेच मिल शिक्षण सक्तीचे करावे म्हणत, पण सगळ्या शाळा सरकारच्या हाती असाव्यात हे त्यांना पसंत नव्हते, कारण त्यातून सगळी माणसे एकाच साच्यातून निघतील अशी त्यांना भीती होती. ज्यांना ते मागासलेले समाज म्हणत, त्यांना व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व लागू करण्यास मात्र त्यांनी नकार दिला, आणि ईस्ट इंडिया कंपनीत त्यांनी ३५ वर्षे नोकरी केली, हेही येथे नोंदवायला हवे.

पुढे वाद स्वातंत्र्य या शब्दाच्या अर्थावरच येऊन ठेपला. इंग्रज तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन यांनी १८८१ च्या व्याख्यानात असे मांडले की, कोणी अडवत नाही एवढ्याने माणूस स्वतंत्र होत नाही. काही मोलाचे करण्याची क्षमताही त्याच्या अंगी असावी लागते, आणि उपाशी माणसाने केलेल्या कराराला स्वेच्छेचा करार म्हणणे कठीण आहे. अवघ्या तीन वर्षांत विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर यांचा प्रतिवाद आला : उदारमतवादी आता हुकूम सोडू लागले आहेत, आणि हुकूम लोकांच्या भल्यासाठी असला म्हणून त्यातली सक्ती कमी होत नाही. आमच्या मते स्पेन्सर यांचा इशारा पोकळ नव्हता, परंतु सक्ती फक्त सरकारी कचेरीतूनच होते, गिरणीच्या फाटकावर होत नाही, हे त्यांचे गृहीतक टिकणारे नाही.

ग्रीन यांच्या वाटेवरून १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा आला. त्यातील आरोग्यविम्यासाठी पुरुष कामगाराने आठवड्याला ४ पेन्स, मालकाने ३ आणि सरकारने २ पेन्स भरायचे होते, आणि भरण्याची खूण म्हणून कार्डावर तिकिटे चिकटवायची होती. घरच्या नोकरांसाठी तिकिटे चिकटवायला लावणे हा आपला अपमान आहे, असे म्हणत अनेक सुखवस्तू गृहिणींनी लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये सभा भरवली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिक हायेक यांनी सरकारी आर्थिक नियोजनाविरुद्ध जोरदार लिहिले, तरी अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी राज्याने द्यावी, हे त्यांनीही मान्य केले होते. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये तेवढेही मान्य केले नाही. कमाईवरील कर हा त्यांना सक्तीच्या मजुरीसारखाच वाटे, कारण काही तासांची कमाई नेणे म्हणजे ते तासच नेणे. तासांच्या ज्या मोजमापाने गिरणीतल्या मुलाला वाचवले, तेच येथे राज्याविरुद्धचे साधन झाले. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्येच वेगळी बाजू मांडली होती : कोणत्या घरी आणि कोणती बुद्धी घेऊन जन्मावे, हे कोणीच कमावलेले नसते, म्हणून समाजाच्या व्यवस्थेने सर्वांत मागे राहिलेल्याचा विचार केलाच पाहिजे.

नोझिक आणि रॉल्स दोघेही अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एकाच तत्त्वज्ञान विभागात शिकवत. आपली पूर्वीची भूमिका आता अपुरी वाटते, असे १९८९ मध्ये नोझिक यांनी स्वतःच लिहिले आणि वारसाहक्कावर एक मर्यादा सुचवली : माणसाने स्वतः कमावलेले खुशाल मुलांना द्यावे, पण जे त्याला वारशाने मिळाले ते पुढच्या पिढीकडे जाऊ देऊ नये.