वाचकावर सोडलेला निवाडा

(दृश्य : आटपाडी तालुक्यातला उघडा माळ, पलीकडे मेंढरांचा कळप.)

सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेला, शिराळा आणि वाळवा तालुक्यांत, वारणा-कृष्णेचे पाणी आहे आणि उसाचे मळे आहेत. पूर्वेला आटपाडी-जतच्या बाजूने निघाले की पाऊस कमी कमी होत जातो आणि माणदेशाचा माळ सुरू होतो. या एका जिल्ह्यात जन्मलेल्या तीन लेखकांच्या तीन कादंबऱ्या चार-पाच वर्षांच्या अंतराने वाचकांसमोर आल्या : व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली, आणि अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ व वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ या दोन्ही १९५९ साली. भाषा, विषय, आकार यांपैकी कशातही त्यांचे एकमेकींशी साम्य नाही, तरीही तिन्ही आजतागायत वाचल्या जातात. कादंबरी वाचकाच्या मनात कशामुळे टिकते, याचा शोध घेण्यासाठी म्हणूनच त्या सोयीच्या आहेत.

उत्कंठावर्धक कथानक, हे या प्रश्नाचे सर्वांत प्रचलित उत्तर आहे. परंतु ‘ययाति’पुढे ते टिकत नाही, कारण शुक्राचार्यांचा शाप आणि मुलाकडून मागून घेतलेले तारुण्य ही महाभारतातली कथा मराठी वाचकाला पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक होती. आमचे मत असे की, लेखक एखाद्या माणसाला पेचात उभे करतो आणि त्या पेचाचा निवाडा स्वतः न देता वाचकावर सोपवतो, तेव्हा तो माणूस वाचकाचा पिच्छा सोडत नाही.

(दृश्य : कोरडवाहू शेत, एकटा बैल.)

‘बनगरवाडी’त सांगण्यासारखे कथानक फारसे नाहीच. औंध संस्थानच्या मुलखातल्या धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा भरू लागते, वाडी अंगमेहनतीने तालीम उभारते, तिच्या उद्घाटनाला राजेसाहेब येऊन जातात, आणि मग दुष्काळ पडून माणसे मेंढरे घेऊन बाहेर पडतात. परंतु या लहानखुऱ्या पुस्तकातला शेकू वाचकाला विसरता येत नाही. औताला जुंपायला त्याच्याकडे दुसरा बैल नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला उभी राहून औत ओढते. या जागी दारिद्र्यावर दोन परिच्छेद लिहिण्याचा मोह कोणत्याही लेखकाला झाला असता. माडगूळकर, जे चित्रकारही होते, दिसले तेवढे लिहितात आणि थांबतात. त्या बाईची कीव करावी, तिच्या धमकेचे कौतुक करावे की दुसऱ्याला अडीनडीला बैल न देणाऱ्या गावगाड्यावर संतापावे, हे वाचकाने आपले आपण ठरवायचे असते. बैल शेजाऱ्याने दिला असता तर वाचकाला हायसे वाटले असते, आणि तो प्रसंग तिथेच विरून गेला असता.

(दृश्य : वाळवा तालुका, वाटेगाव.)

अण्णाभाऊंचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात मातंग कुटुंबात जन्मलेल्या आणि शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या या लेखकाचे गद्य पोवाड्याच्या चालीने धावते, आणि आपल्या नायकावरचे प्रेम ते लपवत नाहीत. ‘फकिरा’ हे पुस्तक त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केले, यावरूनही त्यांचा पक्ष उघड होतो. असा उघड पक्ष घेणारा लेखक निवाडा वाचकावर कसा सोडेल, अशी शंका येणे रास्त आहे. त्याचे उत्तर गोष्टीच्या रचनेत सापडते. फकिराचा बाप राणोजी गावाच्या जत्रेसाठी शेजारच्या शिगावची जोगणी, म्हणजे जिच्याबरोबर जत्रेचा मान गावाकडे येतो ती खूण, आणताना जीव गमावतो. गावाचा मान आणि घरचा माणूस यांचा हिशेब तिथपासूनच फकिराच्या वाट्याला येतो. पुढे दुष्काळात उपाशी माणसे जगवण्यासाठी तो लुटीचा मार्ग धरतो, आणि अखेरीस इंग्रज सरकारने कोंडून ठेवलेल्या आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतः होऊन हाती लागतो. गबऱ्या घोड्यावरच्या धावपळीचे आणि चकमकींचे तपशील कालांतराने वाचकाच्या मनात एकमेकांत मिसळून जातात. तलवार खाली ठेवणारा फकिरा मात्र वेगळा उरतो. ती हार मानायची की जीत, यावर वाद घालता येतो. १९६१ साली या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराने पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात पोहोचते, एवढेच फार तर म्हणता येईल.

‘फकिरा’ची प्रस्तावना खांडेकरांची आहे, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण एकाच जिल्ह्यात जन्मलेल्या या दोन लेखकांच्या लेखणीत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

(दृश्य : सांगली, कृष्णेचा घाट.)

खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले. त्यांचे पुढचे आयुष्य शिरोड्यात आणि कोल्हापुरात गेले. ‘ययाति’त सांगलीची माती शोधूनही सापडणार नाही. १९७४ सालचा, मराठीला मिळालेला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. त्यांची सुभाषितवजा वाक्ये एके काळी वाचक वहीत उतरवून घेत असत. आज तीच वाक्ये सर्वांत जुनी झालेली वाटतात, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. टिकली ती निवेदनाची योजना. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली हकीकत स्वतः सांगतात, आणि जो बोलत असतो त्याचेच त्या वेळी खरे वाटते. ययातीचे ऐकताना देवयानी अहंकारी भासते; तिचे स्वतःचे ऐकले की कचाने नाकारलेली, मग नवऱ्याने फसवलेली एक मुलगी समोर येते, आणि शर्मिष्ठा बोलू लागली की पुन्हा पारडे हलते. संयमाची बाजू सांभाळणाऱ्या कचाला मात्र लेखकाने निवेदनाचा अधिकार दिलेला नाही. तो मिळाला असता, तर ययातीचा दोष आणि देवयानीची चूक यांवर त्याचाच शब्द अखेरचा ठरला असता, आणि देवयानीवर अन्याय झाला की तिने तो ओढवून घेतला, यावर वाचकांना भांडायला काही शिल्लक राहिले नसते.