पास गळ्यात घातल्यानंतर

पहाटेची पाळी सुरू होण्याच्या सुमारास विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या प्रवेशद्वारापाशी रांग लागते. सामान चढवणारे कामगार, विमानांची सफाई करणारे, इंधन भरणारे, दुरुस्तीचे तंत्रज्ञ आणि गणवेशातले वैमानिकसुद्धा याच रांगेत उभे आहेत. या दारापलीकडचा रॅम्प म्हणजे विमाने उभी करण्याची जागा, सामानाच्या वर्गवारीचा विभाग, मालाची गोदामे आणि तपासणी झालेल्या प्रवाशांची प्रतीक्षालये हे सारे सुरक्षेच्या दृष्टीने प्रतिबंधित क्षेत्र आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९७४ मध्ये शिकागो कराराला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराला, जोडलेले सतरावे परिशिष्ट अशा क्षेत्रांच्या नियमांचा पाया असून, सदस्य देश त्याच्या आधारे आपापले कायदे करतात.

दारावरचा सुरक्षा कर्मचारी पासवरचे छायाचित्र समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहतो, मुदत वाचतो आणि या व्यक्तीला नेमक्या कोणत्या विभागात जाण्याची परवानगी आहे, याची खात्री करतो. कोणाच्याही सोबतीशिवाय आत वावरण्याचा पास मिळण्याआधी पार्श्वभूमीची पडताळणी झालेली असते आणि ती ठरावीक काळाने पुन्हा केली जाते. मात्र पास हाती आला म्हणजे पडताळणी संपली आणि पुढचे सारे सुरक्षा दलाने पाहावे, हा समज आम्हाला घातक वाटतो. पास सहज दिसेल असा कपड्यांच्या बाहेर लावणे, कामापुरतेच आत जाणे, पास दुसऱ्याला न देणे, तो हरवल्यास तत्काळ कळवणे, दाराचा सांकेतिक क्रमांक कोणालाही न सांगणे आणि नोकरी सुटताच पास परत करणे ही बंधने पासधारकावर व्यक्तिशः असतात. ७ डिसेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या पीएसए या अमेरिकी विमान कंपनीच्या विमानात, तिची मालक कंपनी यूएसएअरने नोकरीवरून काढलेला एक कर्मचारी पिस्तूल घेऊन चढला. त्याचे ओळखपत्र परत घेतले गेले नव्हते आणि ते दाखवून त्याने तपासणी चुकवली होती. विमानातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले.

आता तंत्रज्ञाची ही हत्यारांची पेटी पाहा. पाने, कातऱ्या, धारदार पाती अशा ज्या वस्तू प्रवाशाला सहसा हातातल्या सामानात नेता येत नाहीत, त्यांच्यावाचून याचे काम अडते. म्हणून पेटी क्ष-किरण यंत्रातून जाते, हत्यारे नोंदली जातात आणि आत नेलेले प्रत्येक हत्यार नजरेआड न होऊ देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. विमानाशेजारी एखादा पाना विसरून जाणे ही त्याच्या दृष्टीने किरकोळ चूक असू शकत नाही. वाहनांनाही परवाना लागतो आणि फाटकावर त्यांची खालून-वरून तपासणी होते.

हे दार पाहा. कार्ड टेकवून आत गेलेली कर्मचारी दार पूर्ण बंद होईपर्यंत तिथेच थांबली आहे. मागून येणाऱ्या सहकाऱ्यासाठी दार धरून ठेवणे एरवी चांगुलपणाचे मानले जाते, पण इथे प्रत्येकाने स्वतःच्या कार्डानेच आत यायचे असते, मग तो रोज शेजारी बसून जेवणारा मित्र का असेना. पास न लावलेली अनोळखी व्यक्ती दिसली तर तिला हटकायचे किंवा सुरक्षा कक्षाला कळवायचे, ही अपेक्षाही पासधारकाकडूनच असते. वरिष्ठाला हटकायला धैर्य लागते, आणि ते दाखवणाऱ्या कनिष्ठाच्या पाठीशी व्यवस्थापनाने ठामपणे उभे राहिले पाहिजे.

प्रवाशाला पासची गरज नसली तरी बंधने त्यालाही आहेत. तपासणी नाकारणाऱ्याला आत प्रवेश मिळत नाही आणि बॉम्बविषयी खोटी माहिती देणे, मग ती गंमत म्हणून का असेना, अनेक देशांत गुन्हा ठरते. तपासणी झालेले प्रवासी तपासणी न झालेल्यांमध्ये मिसळले, तर प्रतीक्षालय रिकामे करून सर्वांची पुन्हा तपासणी करावी लागते आणि विमाने खोळंबतात. नियम मोडणाऱ्याचा पास रद्द होतो, दंड होतो, आणि काही प्रकरणांत कारावासही होतो.