सेकंदाला ६०० स्फोट

(पडदा काळा. फक्त आवाज.)

आधी नुसतं ऐका. गाडी नंतर दिसेलच.

(गाडी समोरून येते.)

माझदा ७८७ बी. नारिंगी-हिरवी, क्रमांक ५५. फ्रान्समधलं ल माँ, जून १९९१. चोवीस तासांची शर्यत, आणि सुटताना ही १९व्या जागेवर.

आता इंजिन उघडलंय. यात पिस्टन शोधू नका. फुगीर बाजूंचा हा त्रिकोण म्हणजे रोटर. कमरेत जरासं आवळलेल्या घरात तो घरंगळतो आणि त्याची तिन्ही टोकं भिंतीला चिकटून फिरतात. एका बाजूला इंधन आत येतंय, दुसरीकडे पेटतंय, तिसरीकडून धूर निघतोय. सगळं एकाच वेळी. झडपा नाहीतच. टोक भोकावरून सरकलं की धूर एकदम मोकळा सुटतो, म्हणून आवाजाला ही धार.

रोटर ज्या दांड्याला फिरवतात त्या शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक स्फोट. रोटर चार, फेरे मिनिटाला ९,०००. म्हणजे सेकंदाला ६०० स्फोट! कानाला ते सुटे कळतच नाहीत, सूर लागल्यासारखा वाटतो.

कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची, पण ती तडीस नेली जपानमधल्या हिरोशिमाच्या माझदा कंपनीने. माझदात केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी, असे ४७ अभियंते यामागे लागले. रोटरची टोकं भिंतीवर ओरखडे पाडायची. त्या ओरखड्यांना ते सैतानाची नखं म्हणत. ती नखं कापण्यात काही वर्षं गेली, तेव्हा कुठे १९६७ साली या इंजिनाची कॉस्मो स्पोर्ट गाडी रस्त्यावर आली.

आणि हे १९९१चं इंजिन. टोकांना सिरॅमिकच्या पट्ट्या, दर रोटरला तीन स्पार्क प्लग. वरचे हवेचे नळ पाहा: इंजिनाचे फेरे वाढले की आखूड होतात, कमी झाले की लांब. ताकद सुमारे ७०० अश्वशक्ती.

वजन ८३० किलो. मर्सिडीज आणि जॅग्वारला १,००० किलोंची अट होती. सवलत होती, मान्य. पण सवलतीवर चोवीस तास निघत नाहीत.

(रात्र. दिव्यांच्या रेघा. निवेदन नाही.)

रविवार दुपार. शेवटचे तीनेक तास. आघाडीची मर्सिडीज तापून पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर आली, ती अडकलीच. ५५ पुढे.

३६२ फेऱ्या. ल माँ जिंकणारी पहिली जपानी गाडी.

विजयमंचावर ५५चे दोन चालक, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो, दिसतायत. शेवटच्या पाळीत गाडी चालवणारा तिसरा चालक जॉनी हर्बर्ट नाही. गाडीतून उतरताच तो कोसळला होता.

पुढच्या वर्षीच्या नियमांत हे रोटरवालं, म्हणजे रोटरी इंजिन बसलं नाही. त्याच वर्षी वाइडलरने कानाच्या त्रासामुळे शर्यती सोडल्या.

(२०११. ल माँ.)

वीस वर्षांनी तीच गाडी, आत हर्बर्ट. यापुढे मी बोलत नाही.

(आवाज पूर्ण.)