राउटरची पॉवर ‘हाय’ केली, पुढे काय?

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, राउटर हॉलमध्ये आहे, मागच्या बेडरूममध्ये रेंज येत नाही, जास्त पॉवरवाला राउटर कुठला घेऊ? आणि खाली लगेच उत्तरं सुरू, सहा अँटेनावाला घ्या, सेटिंगमध्ये जाऊन पॉवर हाय करा, माझ्या मेव्हण्याकडे अमुक आहे एकदम भारी चालतो. तर आज त्या पॉवरबद्दलच बोलू.

आधी ही पॉवर असते किती ते बघा. ॲडाप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं असतं म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट, त्यातलं बरंचसं आतला प्रोसेसरच खातो आणि गरम होतो, हवेत जाते ती साधारण ०.१ वॅट, म्हणजे १०० मिलिवॅट. याला २० डीबीएम म्हणतात. डीबी म्हणजे डेसिबल, पॉवर किती पट झाली ते मोजायचं माप, आणि डीबीएम म्हणजे तेच माप १ मिलिवॅटपासून मोजलेलं. घाबरू नका, दोनच गोष्टी लक्षात ठेवा, ३ डीबी वाढले की पॉवर दुप्पट आणि १० वाढले की दहापट. आता गंमत अशी की मोकळ्या मैदानातसुद्धा अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, म्हणजे दुप्पट रेंज हवी असेल तर पॉवर चौपट लागते. आणि आपण मैदानात राहत नाही! वायफायचे नेहमीचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; साध्या विटांच्या भिंतीत ५ गिगाहर्ट्झचे सहज ६ ते १० डीबी उडतात, आरसीसीची भिंत किंवा स्लॅब असेल तर पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त. तुम्ही सेटिंगमध्ये मीडियमचं हाय केलं आणि समजा पॉवर दुप्पट झाली, तरी कमावले ३ डीबी. ते अर्ध्या भिंतीतच खलास.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. आत्ता मी माईकवर बोलतोय, शेवटच्या रांगेतल्या काकांना नीट ऐकू जातंय, पण त्यांनी तिथून प्रश्न विचारला तर मला कप्पाळ ऐकू येणार, कारण त्यांच्या हातात माईक नाही. वायफायचं सेम असंच आहे. मोबाईल साधारण १२ ते १८ डीबीएमनेच बोलतो, बॅटरी वाचवायची असते, अँटेना पण बारीक असतो. राउटरने कितीही ओरडलं तरी मोबाईलचा आवाज तेवढाच. म्हणून होतं काय, बेडरूममध्ये कांड्या फुल दिसतात, यूट्यूब बऱ्यापैकी चालतं, आणि ऑफिसच्या कॉलवर समोरचे म्हणतात तुझा आवाज तुटतोय. तुम्हाला त्यांचं सगळं व्यवस्थित ऐकू येतंय पण तुमचं तिकडे पोचत नाहीये. कांड्या फक्त येणारा सिग्नल दाखवतात, जाणारा नाही. पॉवर वाढवून डाउनलोडला थोडा फायदा होतो, नाही असं नाही, पण अपलोडला शून्य.

अँटेनाचं मात्र वेगळं आहे, चांगला अँटेना बोलतोही नि ऐकतोही, त्यामुळे दोन्ही बाजूंना उपयोग होतो. पण तो काही पॉवर तयार करत नाही, इकडची तिकडे वळवतो. उभ्या दांडीचा गेन, म्हणजे सिग्नल एकीकडे एकवटायची ताकद, वाढला की सिग्नल आडवा लांब पसरतो आणि वर-खाली कमी होतो. एकमजली लांबट फ्लॅटला चांगलं, पण रो हाउसमध्ये खालच्या मजल्यावर राउटर आणि मुलं वर अभ्यास करतायत, तिथे उलट तोटा. आणि दांड्या जास्त दिसल्या म्हणजे गेन जास्त असं काही नसतं, काही मॉडेलमध्ये निम्म्या एका बँडच्या आणि निम्म्या दुसऱ्या बँडच्या असतात.

एक शहाणपणाचा सल्ला नेटवर फिरतो, राउटरच्या सेटिंगमध्ये देश बदला, म्हणजे तो त्या देशाच्या नियमाने चालतो आणि पॉवर वाढते. अहो, आपल्याकडे २००५ पासून २.४ गिगाहर्ट्झला १ वॅटचा ट्रान्समीटर आणि अँटेनाचा गेन धरून ४ वॅटपर्यंत बिनलायसन परवानगी आहे! युरोपात याच बँडला १०० मिलिवॅट. २०१८ ला ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा पण आपल्याकडे मोकळा झाला. म्हणजे कायदा आपल्याला अडवत नाहीये, अडवतो तो राउटरमधला स्वस्त ॲम्प्लिफायर. जास्त स्पीडच्या सिग्नलला तो स्वच्छ लागतो, पॉवर ताणली की सिग्नल फाटतो, म्हणून टॉप स्पीडला राउटर स्वतःच पॉवर कमी करतो.

शिवाय शेजारी. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आपल्या एका मजल्यावर चार फ्लॅट. वायफायचा नियम असा की चॅनेलवर कोणी बोलत असेल तर थांबायचं. तुम्ही पॉवर वाढवली की शेजारचा थांबतो, चिडून त्याने वाढवली की तुम्ही थांबता, मग दोघं मिळून ग्रुपवर केबलवाल्याला शिव्या.

मग करायचं काय? जागा बदला. फायबरवाला मेन डोअरजवळ भोक पाडतो आणि तिथेच चपलांच्या कपाटावर डबा लटकवून निघून जातो, त्याला पाचेक मीटर वायर जास्त ओढायला लावून घराच्या मध्यावर आणा, उंचावर, मोकळ्यावर. टीव्हीच्या मागे नाही, लोखंडी कपाटावर नाही, माळ्यावर पितळेच्या पातेल्यांमध्ये तर अजिबात नाही. एवढ्यानेच कधीकधी १०-१५ डीबी मिळतात, आणि ते दोन्ही बाजूंना मिळतात. तरी भागलं नाही तर कॅट ६ म्हणजे नेटवर्कची वायर टाकून आत दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरवरून नेट घेऊन वायफाय देणारा डबा, लावा. रिपीटर, म्हणजे वायफायच पकडून पुढे पाठवणारा डबा, घेणार असाल तर तो बेडरूममध्ये लावू नका, जिथे त्याला स्वतःला सिग्नल चांगला मिळतो तिथे, म्हणजे मधल्या पॅसेजमध्ये लावा.

(प्रश्न: दोन लावले तरी मोबाईल बेडरूममध्ये हॉलच्याच राउटरला चिकटून बसतो, त्याचं काय?)

बरोबर आहे, सोडायचं कधी हे मोबाईल ठरवतो, आणि हॉलचा सिग्नल ऐकू येतोय तोवर बरेच फोन सोडत नाहीत. इथे त्या पॉवरच्या सेटिंगचा खरा उपयोग आहे, दोन्हीकडे ती कमी करा. हॉलचा राउटर मीडियम, गरज पडली तर २.४ लो. मग अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर टाइपचं कुठलंही ॲप उघडा आणि बेडच्या जागी उभं राहून सिग्नलचा डीबीएममधला आकडा बघा, जवळच्याचा उणे ६५ च्या आसपास किंवा चांगला आणि लांबच्याचा उणे ७५ च्या खाली गेला की फोन बहुतेक वेळा आपणहून उडी मारतो.

(प्रश्न: रेडिएशन?)

१०० मिलिवॅटचा राउटर एक मीटरवर चौरस मीटरला साधारण ०.००८ वॅट देतो, आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे १० वॅट. झोपताना उशीजवळ काय ठेवता? फोनच ना? तो ४जीवर बोलताना २०० मिलिवॅटपर्यंत जातो, आणि रेंज जितकी वाईट तितका त्या आकड्याच्या जवळ. राउटर रात्री बंद करायचा असेल तर करा बापडे, पण सीसीटीव्ही त्याच्यावर असेल तर तोही बंद पडेल एवढं बघा.