वडीच्या आतला काजूगर

चॉकलेटची वडी मोडताना जो खणखणीत आवाज येतो, त्यावरून चॉकलेट नीट जमले आहे एवढे कळते. पण मोडलेल्या कडेतून डोकावणारा पांढरट काजूगर आणि त्याला बिलगलेला बेदाणा पाहिला, की चव घेण्यापूर्वीच जीभ सावध होते. ही वडी गोव्यातील डिचोली येथील एका घरच्या स्वयंपाकघरात तयार झाली आहे. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात फ्रूट अँड नट चॉकलेट बाजारात आले तेव्हा त्यात मनुका आणि बदाम होते. येथे बदामाची जागा काजूने घेतली आहे आणि गोव्यात ती जागा काजूचीच आहे, असे आम्ही ठामपणे मानतो.

गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या उतारावरील काजूची झाडे उन्हाळ्यात लाल-पिवळ्या बोंडूंनी लगडतात. मूळची ब्राझीलची ही जात पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात येथे आणली आणि तेथील तुपी लोकांच्या भाषेतील ‘अकाजू’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्या तोंडी ‘काजू’ होऊन बसला. ज्याला आपण फळ समजतो तो बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खरे फळ त्याच्या टोकाला लोंबणारी करडी बी आहे. बोंडूचा रस हुर्राक आणि फेणी या मद्यांच्या भट्टीकडे जातो. आपल्याला बीच्या मागे जायचे आहे.

अंगणात पसरलेली बी उन्हात वाळते, मग वाफेवर शिजवली जाते आणि थंड झाल्यावर टरफल फोडण्यासाठी घेतली जाते. येथे थोडे थांबून टरफल फोडणाऱ्या हातांकडे पाहावे. पायाने दाबायच्या यंत्राच्या दोन पात्यांमध्ये बी अचूक बसवून टरफल फोडायचे, पण आतल्या गराला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. कारण बीचा आकार वाकडा असतो आणि प्रत्येक बी वेगळी असते. टरफलातील तेल दाहक असते, त्याने बोटे भाजतात. सुटलेले गर मंद उष्णतेवर सुकवले, की त्यांच्यावरची तांबूस साल सैल होते आणि ती लहान सुरीने एकेक गर हातात घेऊन काढली जाते. त्यानंतर प्रतवारी. ‘डब्ल्यू २४०’ म्हणजे एका पौंडात, अर्थात सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त २४० अखंड गर. ‘डब्ल्यू ३२०’ म्हणजे ३२० पर्यंत. आकडा जितका लहान, तितका गर मोठा. चॉकलेटमध्ये पाकळी, म्हणजे दुभंगलेला अर्धा गर, किंवा तुकडा घातला तरी भागते, आणि बहुतेकदा तोच घातला जातो. या वडीत मात्र अखंड गर आहेत आणि तो खर्च सार्थकी लागला आहे.

काजूला बदामासारखा करकरीतपणा नसतो, म्हणून तो आधी मंद आचेवर भाजून पूर्ण गार करावा लागतो. पाण्याचा एक थेंबही वितळलेल्या चॉकलेटला घट्ट, दाणेदार करून टाकतो; त्यामुळे सांगलीकडून आलेले बेदाणे आणि बारीक कातरलेली आमसुले कोरडी असल्याची खात्री झाल्यावरच पातेल्यापाशी येतात. पातेल्यातील गडद चॉकलेट साधारण ४५ अंशांपर्यंत तापवून २७ अंशांपर्यंत उतरवले आणि पुन्हा ३१ अंशांच्या आसपास आणले, की कोकोतील स्निग्धांश योग्य रीतीने घट्ट बसतो. हे साधले म्हणजे वडीला ही चकाकी आणि मोडताना तो आवाज मिळतो. दमट हवेत ठेवलेल्या वडीवर पांढरट थर येतो, म्हणून ती कोरड्या, थंड जागी ठेवतात.

गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशातून आलेली बीही देशभरातील कारखान्यांत सोलली जाते, तेव्हा काजू गोव्याचाच आहे का, हे पाकिटावर वाचून घ्यावे.

आता चव. कोकोतील स्निग्धांश सुमारे ३४ अंशांना वितळतो, म्हणजे तोंडातल्या उष्णतेखालीच. त्यामुळे वडी चावण्याची घाई न करता तिला जिभेवर विसावू द्यावे. आधी कोकोचा कडवटपणा येतो, मग बेदाण्याचा मऊ गोडवा, त्यामागून आमसुलाची खारट-आंबट चुणूक, आणि सगळे ओसरल्यावर भाजलेल्या काजूचे लोण्यासारखे दुधाळपण दातांखाली उरते. काजूच्या कारखान्यात साल काढणाऱ्या एका मावशींना आम्ही एक तुकडा दिला. त्यांनी तो चावला नाही. चॉकलेट विरघळू दिले, उरलेला गर दोन बोटांत धरला आणि तो अखंड आहे का, हे उजेडाकडे धरून पाहिले.