तिसऱ्या मजल्यावरचं कपाट

नमस्कार श्रोतेहो.

मूल होस्टेलला निघालं की घरात गादी, बादली, मग आणि कुलूप यांची यादी होते. रेक्टरांना पहिला प्रश्न पूर्वी मेसचा असायचा. आता पहिला प्रश्न असतो, वाय-फाय आहे ना? आणि तो रास्तच आहे. टिपणं, प्रकल्प, परीक्षेचा फॉर्म, निकाल, सगळं नेटवरच आहे. एकेका मुलाकडे मोबाइल, लॅपटॉप आणि वर टॅब किंवा मनगटी घड्याळ. शंभर मुलांचं होस्टेल म्हणजे तीनशे यंत्रं झाली. ती सगळी एकाच वेळी जागी होतात, रात्रीचं जेवण उरकल्यावर.

मी बरीच वर्षं महाविद्यालयांच्या नेटवर्कचं काम केलं. त्यातून कळलेली एक गोष्ट आज सांगायची आहे. बाहेरून येणारी लाइन मोठी केली म्हणून खोलीतली हवा, म्हणजे वाय-फायचे संदेश जिच्यातून जातात ती वाट, मोकळी होत नाही. पुन्हा सांगतो, लाइन मोठी केली म्हणून हवा मोकळी होत नाही.

हे मला शिकवलं एका कपाटानं.

मुलींचं होस्टेल होतं, तीन मजली, जुनं. रात्री नेट अडकतं म्हणून तक्रारी यायच्या. महिन्यापूर्वीच संस्थेनं लाइन शंभर एमबीपीएसवरून तीनशेवर नेली होती. तक्रारी होत्या तेवढ्याच राहिल्या. एके रात्री साडेदहाला रेक्टर बाईंचा फोन आला. "सर, एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज जात नाहीये. आज शेवटची तारीख आहे." मी जवळच राहायचो. दहा मिनिटांत पोचलो. बाई पुढे, मी मागे. जिना चढताना बाई मोठ्यानं सांगत होत्या, "सर येतायत गं, दारं लावून घ्या."

मुलगी टेबलाशी बसलेली. आईवडील ऊसतोडीला गेलेले. उत्पन्नाचा दाखला चढवायचा राहिला होता आणि ती फाइल अर्ध्यावर येऊन थांबत होती. पाच वेळा प्रयत्न करून झाला होता. "सर, हे वर्ष गेलं तर घरी परत जावं लागेल," एवढंच ती म्हणाली.

मी आधी लाइन पाहिली. तीनशेतली निम्मीसुद्धा वापरात नव्हती. मग माझा लॅपटॉप हातात धरून व्हरांड्यात उभा राहिलो, तर नेट धावत होतं. खोलीत तिच्या टेबलाशी आलो, तर जेमतेम एक रेघ. पुन्हा बाहेर गेलो, पुन्हा धावलं. चार वेळा असं आतबाहेर केल्यावर माझं लक्ष कपाटाकडे गेलं. सहा फुटी लोखंडी कपाट, व्हरांड्याकडच्या भिंतीला टेकवलेलं, आणि त्याच्या बरोबर आड तिचं टेबल. वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे संदेश हवेत सोडणारी आणि घेणारी डबी, व्हरांड्यात, छताला. विटांच्या भिंतीतून थोडे तरी संदेश पार होतात, पत्र्यातून होत नाहीत.

"हे कपाट सरकवायचं," मी म्हणालो. रेक्टर बाईंनी पदर खोचला. दोन मुली शेजारच्या खोलीतून आल्या. शहाबादी फरशीवर कपाट ओढल्याचा असा काही आवाज झाला की मजला जागा झाला. कपाट दोन खोल्यांमधल्या भिंतीला लावलं. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज गेला, पोचपावती आली. ती मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली आणि मग तिनं पहिला फोन फडावर लावला. तिचं बोलणं संपेपर्यंत पाच खोल्यांतून कपाटं ओढल्याचे आवाज यायला लागले होते.

त्या रात्री दुसरीही गोष्ट दिसली. तिचं नेट सुधारल्यावर आजूबाजूच्या मुलींचंही थोडं सुधारलं. का, ते सार्वजनिक नळावर उभं राहिलेल्याला लगेच कळेल. नळाला धो धो पाणी आहे, पण पुढचा माणूस अरुंद तोंडाची बाटली भरत असेल तर मागची रांग खोळंबते. एका चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. ज्याला रेंज कमी, ते हळू बोलतं आणि हवा जास्त वेळ अडवून ठेवतं. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन ॲब्रमसन यांच्या चमूनं अलोहानेट हे बिनतारी जाळं सुरू केलं, तेव्हापासून हाच पेच आहे. हवा एक, बोलणारे अनेक.

इथं एक मनातलं बोलतो. कित्येक ठिकाणी मुलींच्या होस्टेलचं नेट रात्री दहाला बंद करतात आणि मुलांचं चालू ठेवतात. मला हे मुळीच मान्य नाही. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं मुलींच्या होस्टेलमधल्या मोबाइलबंदीच्या प्रकरणात इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. त्या रात्री दहाला नेट बंद झालं असतं तर?

तर उपाय. ॲक्सेस पॉइंट व्हरांड्यातून काढून खोल्यांमध्ये बसवा. व्हरांड्यात ते ओळीनं एकमेकांना ऐकतात आणि एकमेकांसाठी थांबतात. संख्या वाढवा, पण प्रत्येकाची ताकद कमी ठेवा. वाय-फाय मुख्यतः दोन रेडिओ-पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारी चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. म्हणून भार ५ गिगाहर्ट्झवर न्या. २०१८ मध्ये भारतात या पट्ट्यातली ६०५ मेगाहर्ट्झ जागा विनापरवाना खुली झाली आहे. आणि नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक आकडी पत्ता लागतो, ते पत्ते पुरतात का ते बघा. घरच्या राउटरसारखे २५४ पत्ते तीनशे यंत्रांना कसे पुरणार?

पालकांनो, मुलाला वेगळा राउटर घेऊन देऊ नका. तो त्याच हवेत बोलतो आणि शेजारच्या खोलीचं नेट अडवतो. खोलीत भिंतीला नेटवर्कचं सॉकेट असेल तर पाच मीटरची केबल द्या. केबलवरचा लॅपटॉप हवेतली जागा घेत नाही. आणि सामान लावायला आत जाल तेव्हा कपाट कुठल्या भिंतीला आहे ते आधी बघा. ॲक्सेस पॉइंटच्या आड असेल, तर रेक्टरांना विचारून तेवढं सरकवूनच घरी परता.

नमस्कार.